शेवट फार आवडला

वाचनबाईंनी गेल्या अकरा वर्षांत एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. वेळ होता कुठे? मुलांना वाचायला लावण्यातच त्यांचा सगळा दिवस जाई.

तशा त्या भाषेच्या शिक्षिका. पण शाळेतली वाचनाची मोहीम एकदा त्यांच्या गळ्यात पडली, आणि गळ्यात पडलेलं लोढणं त्यांनी दागिन्यासारखं मिरवलं, म्हणून लहानथोर सगळे त्यांना वाचनबाई म्हणू लागले. त्यांनी उपाय काय कमी केले? आधी वर्गाच्या भिंतीवर पुठ्ठ्याचं झाड लावलं. एक पुस्तक वाचलं की झाडाला एक कागदी पान चिकटवायचं. महिन्याभरात झाड असं काही बहरलं की फांदी दिसेना. मग लक्षात आलं, की पानांचा गठ्ठा आणि डिंकाची बाटली उघड्या कपाटातच होती आणि मधल्या सुट्टीत मुलं हौसेनं झाड वाढवत होती. त्यानंतर मूक वाचनाचा तास आला. रोज वीस मिनिटं चाळीस मुलं पुस्तकं डोळ्यांसमोर धरून बसत. एका पठ्ठ्याने तीन आठवडे पुस्तक उलटं धरलं होतं. बाईंना ते दिसलं नाही, कारण त्या वेळी त्या वाचनाच्या हजेरीत बरोबरच्या खुणा करत असत.

शेवटी बाईंना रामबाण सापडला, तो म्हणजे वाचनपत्रक. एक छापील कागद आणि त्यावर सात चौकटी: पुस्तकाचे नाव, लेखक, पात्रे, कथासार, आवडलेले वाक्य, बोध, आणि सातवी, शेवट कसा वाटला. मुलांना चौकटी भरता येईनात, तेव्हा बाई त्या फळ्यावर भरून देऊ लागल्या. मुलं उतरवून घेत. उतरवून घेण्यात मुलं पटाईत होती, हे बाईंचंच बावीस वर्षांचं पुण्य. पत्रकांची फाईल फुगत चालली आणि फाईल फुगली की वाचन वाढलं, हा हिशेब शाळेत कुणालाच चुकीचा वाटला नाही.

त्या वर्षी वाचनसंवर्धन समितीने स्पर्धा जाहीर केली. बारा शाळा निवडल्या, प्रत्येक शाळेला एकाच कादंबरीच्या चाळीस प्रती पाठवल्या, आणि ज्या शाळेची मुलं सगळ्यांत मन लावून वाचतील तिला ढाल मिळणार होती. मोठ्या सरांनी बाईंना बोलावून घेतलं. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. ते कुठलीही गोष्ट सांगताना टेबलावरची टाचण्यांची डबी डावीकडून उजवीकडे सरकवत.

"बाई, ढाल आणा. उपमुख्याध्यापकाची खुर्ची मोकळी आहे. आली ढाल, की बसा तुम्ही."

त्या खुर्चीला दोन हात होते. बाई बावीस वर्षं बिनहाताच्या खुर्चीवर बसत आल्या होत्या. रोज संध्याकाळी त्यांची पाठ धरायची आणि मनात ती हातांची खुर्ची यायची. बाईंना ती हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. यात लाजण्यासारखं काही नाही, माणसाला पाठ असते.

कादंबरीचं नाव होतं 'तिसऱ्या मजल्यावरचा कंदील'. दोन बहिणी मावशीकडे राहतात. आई दूरदेशी कामाला गेलेली. आईला घर ओळखू यावं म्हणून त्या रोज खिडकीत कंदील लावतात. एवढं बाईंना मलपृष्ठावरून कळलं. शेवट कळला तो प्रस्तावनेवरून. प्रस्तावना समितीच्या अध्यक्षांनी स्वतः लिहिली होती आणि तीत म्हटलं होतं, 'शेवट वाचताना डोळे पाणावतात.' बाईंनी फळ्यावर सातवी चौकट भरली: शेवट फार आवडला. डोळे पाणावले. एकोणचाळीस मुलांनी ते उतरवलं. एकाने 'डोळे पालवले' लिहिलं. बाईंनी लाल शाईने ते दुरुस्त केलं.

चाळिसावं पत्रक ढिम्मचं. ढिम्म हे काही त्या मुलीचं पाळण्यातलं नाव नव्हे. काही विचारलं की ती आधी खिडकीबाहेर बघायची, मग बाकाकडे, आणि तोवर तास संपायचा, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. फळ्यावरचंही ती धड उतरवून घेत नसे. तिच्या पत्रकात सहा चौकटी रिकाम्या होत्या आणि सातवीत एकच ओळ होती: 'बाई, शेवटी शिवणाचं मशीन कुठून आलं?'

बाईंनी कपाळावर हात मारला आणि खाली लाल शाईने शेरा मारला: पुस्तकाशी संबंध नाही. पुन्हा वाच.

आठवड्याने पत्रक परत आलं. 'पुन्हा वाचलं. मशीन आहेच.' बाईंनी पुन्हा लिहिलं, पुन्हा वाच. पुढच्या आठवड्यात तेच. आता बाईंचं डोकं फिरलं. पालथ्या घड्यावर पाणी घालावं तरी किती? त्यांनी मुलीच्या आईला बोलावणं धाडलं.

आई कपडे आल्टर करायची. कुणाची कंबर वाढव, कुणाच्या बाह्या आखूड कर. शाळेत आली ती गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून.

"तुमची मुलगी वाचत नाही," बाई म्हणाल्या.

"वाचत नाही?" आई गोंधळली. "अहो बाई, घरी दुसरं काय करते ती? माझ्या मशीनचा धागा सारखा तुटत होता. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, तरी तेच. शेवटी हिनं पुस्तकात बघून नीट केलं."

"कसल्या पुस्तकात?"

"तुम्ही दिलंय ना शाळेतून, त्यात."

बाईंनी सुस्कारा सोडला. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्यापुढे सोडायचा सुस्कारा असतो, तो. "हे बघा, तो कथेचा विषय आहे, मशीनचा नाही. स्पष्टच सांगते, वाईट वाटून घेऊ नका. तिला वाचन जमत नाही. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

आई गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळत राहिली, आणि गुंडाळून झाल्यावर "बरं" म्हणून उठून गेली. दाराबाहेर ढिम्म उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

समिती गुरुवारी येणार होती. बाईंनी तीन बोलकी मुलं पहिल्या बाकावर बसवली, त्यांच्याकडून उत्तरं घोटून घेतली आणि ढिम्मला नकाशांच्या कपाटामागच्या बाकावर पाठवलं. पण पत्रकं मात्र चाळीसच हवी होती, एकोणचाळीस दाखवून कसं चालेल? त्या दिवशी सकाळी ढिम्मने चौथ्यांदा लिहिलेलं पत्रक आणून दिलं. ते जाड लागलं, कारण मागे वहीची तीन पानं टाचली होती. बाई फुलदाणीत पाणी घालत होत्या. "ठेव फाईलमध्ये," त्या म्हणाल्या. वाचलं नाही. वाचनबाईंना वाचायला वेळ नव्हता, हे वर सांगितलंच आहे.

अध्यक्ष आले. गोरेपान, भारदस्त गृहस्थ. बोलताना डोळे मिटायचे, जणू शब्द आतून चाखून बाहेर सोडतायत. बरोबर दोन सदस्य होते, ते अध्यक्ष डोळे मिटत तेव्हा माना हलवत. पहिल्या बाकावरच्या तिघांनी उत्तरं घडाघडा म्हटली. एकाने तर "डोळे पाणावले" म्हणताना डोळे पुसूनही दाखवले. हे बाईंनी शिकवलेलं नव्हतं. पोराची स्वतःची भर होती ती, आणि बाईंना त्याचं कौतुक वाटलं. मोठ्या सरांनी दारातून बाईंकडे पाहून मान डोलावली. खुर्ची आता हातभर अंतरावर होती.

अध्यक्षांनी सहज म्हणून फाईल उचलली. चाळिसांतलं एकच जाड पत्रक आपसूक बोटांत आलं.

"अरे वा! हे कुणी इतकं लिहिलंय?" ते म्हणाले आणि मोठ्याने वाचू लागले. "बोध: धागा सारखा तुटत असेल तर सुईला दोष देऊ नये, ताण तपासावा." त्यांनी डोळे मिटले. "धागा म्हणजे नातं. सुई म्हणजे माणूस. किती प्रतीकात्मक! बाई, हे तुमचं यश. कोण ही मुलगी?"

कपाटामागून ढिम्म उभी राहिली. खिडकीबाहेर तिने पाहिलं नाही, बाकाकडेही नाही. "ते प्रतीकात्मक नाही," ती म्हणाली. "पान एकशे एकोणीस."

"म्हणजे?"

"तिथं लिहिलंय तसंच. वरचा स्क्रू पाव फेरा सैल करायचा. मी करून बघितलं, थांबलं तुटायचं."

वर्गात खसखस पिकली. अध्यक्ष हसले, पण जरा जपून. "बरं बरं. आणि शेवट कसा वाटला तुला?"

"शेवट नाहीये."

"खुला शेवट!" अध्यक्षांना एकदम हुरूप आला. "बरोबर! लेखकाने तो मुद्दामच वाचकावर सोडलाय."

"तुम्हीच लिहिलंय ना सुरुवातीला, की शेवट वाचून डोळे पाणावतात? मग खुला कसा? मोठी बहीण खाली जाते, दाराची कडी काढते, आणि पान उलटलं की मशीन. खुला नाही तो, तो मशीनचा आहे."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण आतलं माणूस उठून गेलं होतं. मोठे सर दोन पावलं पुढे आले. "सर, तिचं मनावर घेऊ नका. ती जरा... बाई, सांगा ना. ती मुलगी तशीच आहे ना?"

वाक्य बाईंच्या जिभेवर तयारच होतं. गेल्याच आठवड्यात वापरलेलं, घोटलेलं: तिला वाचन जमत नाही. तेवढं म्हटलं असतं की संपलं असतं. अध्यक्ष सुटले असते, मोठे सर सुटले असते, ढाल आली असती, आणि ढिम्म परत खिडकीबाहेर बघत बसली असती, बहुधा जन्मभर.

बाईंनी पहिल्या बाकावरचं पुस्तक उचललं. तेही आधी ढिम्मला खोटं पाडायलाच, हे कबूल केलं पाहिजे. त्यांना वाटलं, पान उघडू, शेवट वाचून दाखवू, प्रश्न मिटेल. पान एकशे बारा: 'तिने थरथरत्या हाताने कडी काढली. दार करकरलं. बाहेर उभी होती' आणि पान संपलं. बाईंनी उलटलं. पान एकशे तेरा. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि आवाज आपोआप बाहेर पडत गेला.

"यंत्र उघडण्यापूर्वी चाक हाताने दोनदा मागे फिरवून पाहावे. जुने तेल फडक्याने पुसून घ्यावे."

खाली मशीनची आकृती होती. पुढे सोळा पानं तेच होतं. छापखान्यात सोळा-सोळा पानांचा एकेक फर्मा छापतात आणि फर्मे ओळीने लावून पुस्तक बांधतात. कुणा बांधणाऱ्याने कादंबरीच्या आठव्या फर्म्याच्या जागी शिवणयंत्राच्या निगेच्या पुस्तकाचा आठवा फर्मा लावला होता. पानांचे आकडे तंतोतंत जुळत होते, एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस. नुसतं चाळणाऱ्याला कळायचं काही कारणच नव्हतं. वाचणाऱ्याला कळलं असतं.

बाईंना लाज वाटली. साधीसुधी नाही, कानशिलं तापवणारी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं त्या मुलांच्या आयांना कितीदा म्हणाल्या होत्या. आड त्याच होत्या.

"ही बरोबर सांगतेय," त्या म्हणाल्या. "मी हे पुस्तक वाचलेलं नाही, सर. फळ्यावर लिहून दिलं, ते तुमच्या प्रस्तावनेतून घेतलं होतं."

मग वर्गात एक आवाज झाला. बावीस वर्षांत बाईंनी तो कधी ऐकला नव्हता. चाळीस मुलं, कुणी न सांगता, एकदम पुस्तक उघडत होती. "माझ्यातपण!" "ए, बघ, सुई कशी बसवायची दिलंय!" "म्हणजे दारात कोण होतं?" ज्याने डोळे पुसून दाखवले होते तो पठ्ठ्या सगळ्यांत जोरात ओरडत होता, "आई नव्हतीच! मला आधीच शंका होती!" शंका यायला त्याने पहिलं पान तरी वाचलेलं असायला हवं होतं, पण ते असो.

अध्यक्षांना दुसऱ्या शाळेत जायला उशीर होत होता. चहासुद्धा न घेता ते निघाले.

ढाल दुसऱ्या शाळेला मिळाली. वर्तमानपत्रात फोटो होता आणि खाली विजेत्या मुलीचं वाक्य: 'शेवट फार आवडला.' मोठ्या सरांनी तो फोटो बाईंच्या टेबलावर ठेवला, डबी उजवीकडून डावीकडे सरकवली, आणि हातांची खुर्ची गणिताच्या सरांना दिली. गणिताच्या सरांची पाठ उत्तम होती.

पण त्या दिवशी समिती गेल्यावर वर्ग रिकामा झाला, तेव्हा बाईंनी ढिम्मची टाचलेली तीन पानं वाचली. उभ्याउभ्याच वाचली. ढिम्मने लिहिलं होतं: 'पान एकतीसवर आई जाताना म्हणते, परत आले की दोघींना नवे फ्रॉक शिवीन. पान चौऱ्याहत्तरवर धाकटीला आईचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान सापडतं. म्हणजे आईला शिवण येत होतं. म्हणून मला वाटतं, दारात आईच आहे आणि तिने मशीन आणलंय. पण ते प्रवासात बिघडलं असणार. म्हणून लेखक आधी दुरुस्ती सांगतो. फ्रॉक शिवल्याशिवाय आई आत कशी येईल? तिने कबूल केलं होतं.'

बाई खाली बसल्या, बिनहाताच्या खुर्चीवर. तीनदा लाल शाईने लिहिलं होतं, पुन्हा वाच. मुलीने वाचलं होतं. चार वेळा. कुणी सांगितलेलं तिने इतकं मनापासून आजवर केलं नसेल, आणि सांगणारीला वाटत होतं की आपण तिला झिडकारतोय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ढिम्मला छापखान्यातली चूक समजावून सांगितली. ढिम्मचा चेहरा उतरला.

"म्हणजे मशीनचा काही संबंधच नव्हता?"

"नाही गं."

"मग मी चार वेळा कशाला वाचलं?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण आपण खरा शेवट मागवू." आणि जरा थांबून, "तुझ्या आईला सांग, बाईंचं चुकलं. नको, राहू दे, मीच येते सांगायला." त्या गेल्यासुद्धा. आईने टेप गुंडाळत "बरं" म्हटलं, पण या वेळी बसायला स्टूल पुढे केलं.

प्रकाशकाला पत्र गेलं. खरे फर्मे यायला महिना लागला, आणि तो महिनाभर वर्गात दारात कोण उभं होतं यावरून हातघाई चालली होती. कुणी म्हणे आई, कुणी म्हणे पोस्टमन, पठ्ठ्या म्हणे पोलीस. बाई फक्त विचारायच्या, "कशावरून?" झालं, पोरं पान शोधायला धावायची. पठ्ठ्याने पोलिसापायी अख्खी कादंबरी दोनदा वाचून काढली, पोलीस मिळेना तरी हट्ट सोडीना. वाचनपत्रकं कुणी भरली नाहीत. पुठ्ठ्याचं झाड एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होतं, तेही कुणी चिकटवलं नाही.

मग पार्सल आलं. सोबत दोन ओळींचं पत्र: गैरसोयीबद्दल क्षमस्व. ही आवृत्ती बारा शाळांत गेली असून आपल्याखेरीज कोणाचीही तक्रार नाही.

फर्म्यांच्या कडा कापलेल्या नव्हत्या. मुलांनी फुटपट्टीने फरफर कापल्या आणि बाईंनी शेवट मोठ्याने वाचला. दारात आईच होती. तिने मुलींना पोटाशी धरलं, मावशीने कंदील विझवला, आणि लेखकाने दीड पान आईच्या मायेवर खर्च करून पुस्तक संपवलं.

पठ्ठ्या पोलिसाच्या दुःखात होता.

"बाई," ढिम्म म्हणाली, "आणि फ्रॉक?"

बाईंनी सोळाही पानं मागेपुढे पाहिली. फ्रॉकांबद्दल एक शब्दही कुठे नव्हता.

"लेखक विसरला," त्या म्हणाल्या.

"पण आईनं कबूल केलं होतं. पान एकतीस."

"हो. केलं होतं."

पुस्तक छापणाऱ्याला ते दिसलं नव्हतं, प्रस्तावना लिहिणाऱ्याला नाही, ढाल देणाऱ्यांना नाही, मिळवणाऱ्यांना नाही. बाईंनी टेबलाच्या खणातून एक कोरं वाचनपत्रक काढलं आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं. सहा चौकटी तशाच सोडल्या. सातवीत, शेवट कसा वाटला, या छापील प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं: फ्रॉक राहिले.

मग पत्रक ढिम्मपुढे ठेवलं आणि लाल पेन तिच्या हातात दिलं.